गवताला धरतं कोण? लॉनमोवरच्या पात्याची धार, सोप्या भाषेत

विदर्भातला शेतकरी ज्या हरळीच्या नावाने बोटं मोडतो, खणून काढली तरी एखादं कांडं मागे राहून पुन्हा फुटते म्हणून जिला शिव्या घालतो, तीच हरळी इथे अमेरिकेत, अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत लोक पैसे मोजून दारात अंथरून घेतात. इथे तिला बर्म्युडा म्हणतात. आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. घरांसमोर असते ती बरेचदा हिची संकरित जात. त्यातली खूप गाजलेली ‘टिफवे’ याच जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तयार झाली आणि १९६० साली बाहेर आली. जे गवत उपटण्यात आजोबांची कंबर मोडली, ते जपण्यात आमचे शनिवार जातात.

घर घेतल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात माझं लॉन कापल्याच्या दुसऱ्या दिवशी राखाडी दिसायला लागलं. लांबून पाहिलं की हिरव्यावर कुणी ताक शिंपडल्यासारखं. मी आधी पाणी वाढवलं, मग खत टाकलं, मग दुकानातून बुरशीचं औषध आणलं. शेवटी गुडघे टेकून एक पान तोडून डोळ्यांजवळ धरलं. ते कापलेलं वाटेचना. टोकाला जुन्या सुतळीसारखे पांढरे दोरे लोंबत होते, आणि तेच दोरे वाळून सगळ्या लॉनला राखेचा रंग देत होते. औषधाची बाटली अजून गॅरेजमध्ये आहे, जवळपास भरलेली. बोथटलं होतं मोवरचं पातं.

त्या पात्याला धार लावणं हे तासाभराचं काम. सवय झाली की अर्ध्या तासात उरकतं. तरी मी ते दोनदा चुकलो, कारण मी पात्याकडे विळीचं थोरलं भावंड म्हणून पाहत होतो. ते तसं नाही. धार किती तीक्ष्ण ठेवायची, कुठे लावायची, नंतर पातं खिळ्यावर का टांगायचं, हे सगळं एका प्रश्नातून उलगडत जातं: मोवर गवत कापतो तेव्हा गवताला धरतं कोण?

विळ्याने गवत कापणाऱ्या माणसाचा उजवा हात सगळ्यांच्या नजरेत भरतो. पण डावा हात काढून घ्या आणि उभ्या गवतावर नुसता विळा फिरवून पाहा. गवत वाकतं, विळा वरून सरकतो, चार-दोन पाती तुटतात. डाव्या हाताने मूठ धरलेली असते, किंचित ताणलेली असते, म्हणून धारेला तिथे काहीतरी विरोध मिळतो. विळीवर भोपळा कापतानाही पातं जागच्या जागी असतं आणि दोन्ही हात भोपळा दाबतात. कात्रीत दोन पाती एकमेकींचा डावा हात होतात. कापणं म्हणजे धार आणि विरोध, दोन्ही.

पहिला लॉनमोवर याच कात्रीच्या तत्त्वावर होता. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये, स्ट्राउडच्या आसपास, लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटायला तिथे गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बियर्ड बडिंग नावाच्या कारागिराला वाटलं, कापडावरची लव छाटता येते तर जमिनीवरची का नाही? १८३० साली त्याने पेटंट घेतलं. एका रुळावर पिळदार पाती, आणि त्यांच्या खाली एक सरळ, न हलणारं पातं. गवत दोघांच्या मध्ये सापडतं आणि कात्रीत सापडावं तसं कापलं जातं. तोवर हे काम लांब दांड्याचे मोठे कोयते घेऊन माणसं पहाटे, दव असताना करत. पुढे मोठे मोवर ओढायला घोडे आले, आणि खुरांचे ठसे लॉनवर उठू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत. (श्रीमंतांच्या हौसेला सीमा नसते, एवढंच.)

आपल्याकडच्या बागांमध्ये एक जण पुढून दोरीने ओढतोय आणि दुसरा मागून ढकलतोय असं जे यंत्र दिसतं, ते बडिंगच्याच घराण्यातलं. गोल्फच्या मैदानावर भोकाभोवतीचं गवत ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात, तेही याच जातीच्या यंत्राने.

मात्र आज घरोघरी असतो तो मोवर वेगळा. त्यात एकच आडवं पातं पंख्यासारखं गरगर फिरतं. हलकी पेट्रोल इंजिनं स्वस्त झाली तशी ही जात पसरली. ऑस्ट्रेलियात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी १९५२ साली सिडनीत भंगारातून असा मोवर जोडला, त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीचच्या फळांचा रिकामा डबा होता. त्यातून ‘व्हिक्टा’ ही कंपनी उभी राहिली. या मोवरमध्ये खालचं स्थिर पातं नाही. डावा हात नाही. गवत मोकळं उभं आहे, आणि तरी ते कापलं जातं.

शाळेतला प्रयोग आठवा. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं. पुठ्ठा हळू ओढला तर नाणं त्याच्याबरोबर जातं. जोरात टिचकी मारली तर पुठ्ठा उडतो आणि नाणं सरळ पेल्यात पडतं, कारण हलायला त्याला वेळच मिळत नाही. मोवर गवताला तीच टिचकी मारतो. पान वाकण्याआधीच पातं त्यातून पार झालेलं असतं. गवताला धरून ठेवतं ते त्याचं स्वतःचं जडत्व, आणि हे जडत्व उपयोगी पडावं म्हणून वेग प्रचंड लागतो.

किती प्रचंड? साध्या ढकलायच्या मोवरचं पातं २१ इंचांचं, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर. मिनिटाला ३,००० फेरे धरले तर त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने फिरतं. अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात या वेगाला वरची मर्यादा आहे: मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. आपण ज्याच्या मागे चपला घालून चालतो (घालू नये, बूट घालावेत), त्या पत्र्याच्या टोपाखाली हे चाललेलं असतं.

शंका वाटत असेल तर कुंपणाच्या कडेला वापरतात ते नायलॉनच्या दोरीचं यंत्र पाहा. दोरीला धार नसते. ती गोल, गुळगुळीत असते, तरी वेगाच्या जोरावर गवत तोडते. पण तिने तोडलेलं गवत जवळून पाहा: प्रत्येक टोक चिंध्या झालेलं. बोथट पात्याचा मोवर म्हणजे लॉनभर फिरवलेली नायलॉनची दोरीच.

धार इथे नेमकं काय करते, तर तोच फटका कमी जागेत उतरवते. धारेची कडा बारीक असेल तर सगळा जोर पानाच्या एका अरुंद रेषेवर येतो आणि तिथल्या पेशी सरळ तुटतात. कडा गोल झाली की जोर पसरतो. पान आधी वाकतं, मग ताणलं जातं, मग चिरफाळ्या होऊन तुटतं. गवताच्या पानात पाणी वाहून नेणाऱ्या शिरा लांबीच्या दिशेने, समांतर असतात. केळीचं पान आडवं फाडायला गेलं तर ते कसं शिरेला धरून भलतीकडे चिरत जातं, तसंच इथे होतं. शिरांचे ते धागे बाहेर लोंबतात, दिवसभरात पांढरे पडतात, मग तपकिरी.

याने लॉन मरत नाही, हेही सांगायला हवं. गवत वाढतं ते पानाच्या बुडाकडून, टोकाकडून नाही, म्हणून तर ते दर आठवड्याला कापून घेतं आणि पुन्हा उभं राहतं. दुकानदार बोथट पात्याने सगळं लॉन रोगाने जाईल असं सांगतात तेव्हा ते थोडं विकण्यासाठीही असतं. पण दिसणं जातं हे नक्की, आणि खर्च वाढतो. नेब्रास्का विद्यापीठातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले, त्यात बोथट पात्याच्या मोवरला २२ टक्के जास्त पेट्रोल लागलं होतं.

धार जाते कशाने? गवतच थोडं दोषी आहे. उसाच्या फडात गेलेल्या कुणालाही विचारा, पानाने हात कसे चिरतात. गवताच्या कुळातल्या वनस्पती जमिनीतून सिलिका शोषून पानांत साठवतात, आणि ऊस त्याच कुळातला. पण खरा वैरी वाळू. पात्याची मागची कड वर वळवलेली असते, पंख्याच्या पात्यासारखी. ती हवा वर खेचते, त्यामुळे लवलेलं गवत कापलं जाण्याआधी उभं राहतं. युक्ती छान, पण त्या हवेबरोबर माती आणि वाळूही वर येते. वाळूतला क्वार्ट्झ पोलादापेक्षा कठीण. मोवर चालू असतो तितका वेळ पात्यावर वाळूचा मारा चालू असतो.

आणि झिजतं कुठे, तेही पाहण्यासारखं. आपण सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरा. पातं सेकंदाला ५० वेळा फिरतं आणि त्याला दोन टोकं, म्हणजे सेकंदाला १०० फटके. दोन फटक्यांमध्ये मोवर पुढे सरकतो तो फक्त १.२ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक वेळी नवं गवत लागतं ते टोकाच्या जेमतेम बोटभर भागाला; आतल्या भागासमोर येईपर्यंत गवत आधीच कापलेलं असतं. जुनं पातं काढून पाहिलं तर टोकं गोल झालेली असतात आणि आतली धार बरेचदा नव्यासारखी. म्हणून धार पाहायची ती टोकाची.

आता माझी पहिली चूक. मी पातं सोडवलं, व्हाइसमध्ये (टेबलावरच्या लोखंडी शिकंज्यात) धरलं आणि विळीला लावावी तशी लखलखीत, निमुळती धार लावली. कागद कापून पाहिला, सर्रकन कापला गेला. शेजाऱ्याला दाखवला सुद्धा. एक लॉन कापून झाल्यावर पातं पुन्हा उलटून पाहिलं तर धारेचा पत्रा झाला होता: कुठे दुमडलेली, कुठे खांडं पडलेली. आमच्याकडे पाइनची झाडं आहेत, त्यांची बोंडं गवतात पडलेली असतात. स्वीटगम नावाच्या झाडाची काटेरी फळं असतात. ताशी ३०० किलोमीटरने त्यावर आदळल्यावर पातळ धार टिकणार कशी? विळी भोपळ्यावर आदळत नाही, ती त्यातून सरकते. हे पातं आदळतं. त्याचं नातं विळीपेक्षा कुऱ्हाडीशी जवळचं.

म्हणून कोन जाडा ठेवायचा, साधारण ३० अंश. सुताराच्या पटाशीला असते तशी उतरण एकाच अंगाला, वरच्या. खालचं अंग सपाट राहतं. आणि तीक्ष्णता? भाजी चिरायच्या सुरीपेक्षा कमी, जेवणाच्या स्टीलच्या ताटाच्या कडेपेक्षा जास्त. अंगठा आडवा फिरवला तर कड जाणवावी, पण कापू नये. एवढं पुरतं, कारण उरलेलं काम वेग करतो.

पोलादही तसंच निवडलेलं असतं. लोहार विळ्याला पाणी पाजतो, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवतो आणि पोलाद कठीण करतो. मोवरच्या पात्यालाही अशी प्रक्रिया केलेली असते, पण कठीणपणा मुद्दाम बेताचा ठेवतात. फार कठीण पोलाद काचेसारखं तडकतं, आणि दगडावर आपटून तडकलेला तुकडा त्या वेगाने कुठे जाईल याचा विचारही नको. पात्याने वाकावं, पण फुटू नये. त्याचा आपल्याला फायदा असा की साध्या कानशीने ते घासता येतं. कानस पात्यापेक्षा पुष्कळ कठीण असते.

पण हातात पाना घेण्याआधी एक गोष्ट, आणि ती वगळायची नाही. पेट्रोल मोवरच्या स्पार्क प्लगची वायर आधी उपटून बाजूला करा. इंजिन बंद आहे, मग भीती कशाची, असं वाटतं. या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फिरणाऱ्या जड चाकात लोहचुंबक असतं, ते कॉइलजवळून गेलं की वीज तयार होते. पातं आणि ते चाक एकाच दांड्यावर. तुम्ही पातं हाताने फिरवलंत की चुंबक फिरलं, ठिणगी पडली, सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असेल तर इंजिनाने एक हिसका दिला. बोटांना तेवढा हिसका पुरतो. बॅटरीवरचा मोवर असेल तर बॅटरी काढून घरात नेऊन ठेवा. हँडलवरची दांडी सोडली की ३ सेकंदांत पातं थांबलंच पाहिजे असा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे, पण तो मोवर ढकलत असतानाचा. उलटा करून हात घातलेल्या माणसाला तो वाचवत नाही.

मोवर आडवा करताना हवेच्या फिल्टरची बाजू वर ठेवायची. खाली ठेवली तर इंजिनातलं तेल फिल्टरमध्ये उतरतं, आणि पुढच्या वेळी सुरू केल्यावर पांढरा धूर असा निघतो की गल्लीत सगळे बाहेर येतात. टाकीत पेट्रोल कमी असताना हे काम काढावं.

पात्याच्या खालच्या अंगावर मार्करने ठळक ‘खाली’ लिहा. हसू नका, माझी दुसरी चूक हीच. पातं दोन्हीकडून बोल्टला बसतं. मी ते उलटं बसवलं. इंजिन नेहमीसारखं चाललं, आवाजात फरक नाही, आणि मागे गवत मात्र बडवल्यासारखं आडवं पडलेलं. उलट्या पात्याची बोथट पाठ पुढे येते आणि धार मागे जाते, वर वळलेली कड खाली तोंड करते, त्यामुळे हवा गवताला उचलायच्या ऐवजी दाबते. मी अर्धं लॉन झाल्यावर थांबलो. वळलेली कड नेहमी मोवरच्या टोपाकडे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

बोल्ट सोडवताना पातं फिरू नये म्हणून ते आणि टोपाची कड यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवा. पाय लावून धरू नका. बहुतेक मोवरचा बोल्ट खालून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला सुटतो. गंजला असेल तर तेल सोडून चहा पिऊन या. पातं निघाल्यावर टोपाच्या आत साचलेलं, वाळलेलं गवत खरवडून काढा, नाहीतर हवा नीट फिरत नाही आणि चांगल्या धारेचाही उपयोग अर्धाच होतो.

धार लावण्याआधी पातं नीट पाहा. वाकलं आहे का? सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकं तपासा. चीर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, धारेच्या मागे, जिथून कड वर वळते तिथे पोलाद किती पातळ झालंय? वाळूचा मारा तिथेच जास्त बसतो आणि आधी तिथे खाच पडते. यातलं काहीही आढळलं तर कानस खाली ठेवा आणि नवीन पातं आणा. वाकलेलं ठोकून सरळ करू नका, चिरलेलं वेल्डिंग करू नका. गॅरेजवाला म्हणेल, “करून देतो की.” नको.

कानस दहा-बारा इंचांची, एकाच दिशेच्या तिरक्या रेघा असलेली घ्या. उतरणीवर मार्करची शाई फासा आणि दोन हात मारून पाहा. शाई फक्त वरच्या बाजूने गेली तर कानस फार आडवी धरली आहे, फक्त धारेपाशी गेली तर फार उभी. सगळ्या उतरणीवरून एकसारखी गेली की कारखान्याने दिलेला कोन सापडला. मग कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची. मागेपुढे खसाखसा घासणं ही सिनेमातली पद्धत. त्याने कानशीचे दातच मोडतात. हात मोजा. एका टोकाला चाळीस मारले तर दुसऱ्यालाही चाळीस. खोल खांडं पूर्ण घालवायच्या नादात अर्धं पातं घासून टाकू नका. एक-दोन राहिली तर गवताला काही कळत नाही.

घासत गेलं की खालच्या सपाट अंगाकडे धातूचा एक बारीक खरखरीत ओठ वळून येतो. वर्कशॉपात त्याला बर म्हणतात. तो आला म्हणजे धार दोन्ही अंगांना भिडली. सपाट अंगावर कानस अगदी आडवी ठेवून एकदाच हलकेच फिरवा, बर निघून जाईल. त्या अंगाला याहून जास्त काही करायचं नाही.

ग्राइंडर वापरला तर काम पाच मिनिटांत होतं, आणि तेवढ्यातच बिघडूही शकतं. धार निळी पडताना दिसली की समजा तिथे तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं आणि लोहाराने पाजलेलं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ झाला. तो लवकर बोथटणार. दोन-तीन सेकंद टेकवायचं, उचलायचं, पाण्यात बुडवायचं. बोटाला चटका बसतोय म्हणजे खूप झालं. डोळ्यांवर चष्मा हवाच. मला स्वतःला कानस बरी वाटते. तिच्यात चूक करायलाही वेळ लागतो.

आता खिळा. भिंतीत किंवा लाकडात एक खिळा आडवा ठोका आणि पात्याचं मधलं भोक त्यात अडकवून पातं आडवं सोडा. एक टोक खाली गेलं तर ते जड. त्या टोकाच्या धारेवर आणखी पाच-सात हात मारा, पुन्हा टांगा. दोन्ही टोकं समान राहिली की झालं. मधलं भोक गोल नसून चांदणीच्या आकाराचं असेल तर खिळा फसवतो, त्यासाठी शंकूच्या आकाराचं स्वस्त साधन मिळतं.

एवढ्या क्षुल्लक फरकाने काय होणार, असं मलाही वाटायचं. म्हणून एकदा हिशेब केला. समजा एक टोक १० ग्रॅमने जड आहे, आपल्या दहाच्या नाण्याहून थोडंसं जास्त. मध्यापासून २५ सेंटिमीटरवर, मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी ते फिरतं. त्यातून दांड्यावर बाहेरच्या दिशेला जो ओढा येतो तो जवळपास २५ किलो वजनाइतका. आणि तो एका दिशेला नाही. सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत, उजवीकडे-पुढे-डावीकडे-मागे हिसके देतो. पहिल्यांदा हातांना मुंग्या येतात, मग बोल्ट ढिले होतात, मग इंजिनाचा दांडा आणि बेअरिंग. लखलखीत पण असमतोल पात्यापेक्षा थोडं बोथट पण समतोल पातं मी कधीही घेईन.

बसवताना ‘खाली’ हा शब्द खाली दिसतोय ना, ते पाहा. बोल्ट किती जोराने आवळायचा ते मोवरच्या पुस्तिकेत आकड्यासकट दिलेलं असतं, तेवढाच आवळा. प्लगची वायर सगळ्यांत शेवटी.

हे किती वेळा? मोवर २० ते २५ तास चालला की एकदा, हा अंदाज ठीक आहे. आमच्याकडे हरळी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत वाढते, दर आठवड्याला तासभर कापणं, म्हणजे हंगामात एकदा नक्की, वाळू किंवा फांद्या जास्त असतील तर दोनदा. मी दोन पाती ठेवतो. एक मोवरवर, एक घासून भिंतीवर टांगलेलं. शनिवारी फक्त अदलाबदल करायची, घासणं पावसाच्या दिवशी.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये लॉन असतं, मोवरही असतो, पण पातं कुणाचंच नसतं. कापणारा माणूस ठेकेदाराचा, मशीन सोसायटीचं, आणि कमिटीला वाटतं धार ठेकेदार लावत असेल. माझ्या भावाच्या सोसायटीत लॉन पिवळं पडल्यावर खताचं बिल वाढलं होतं. मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, “एक पान तोड, टोकाचा फोटो पाठव.” सुतळीच होती.

रुळाच्या मोवरला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे कात्री आहे, तिथे डावा हात आहे. त्याची पाती एकेक घासून धारदार करायला गेलात तर पिळाचा आकार बिघडतो आणि खालच्या पात्याशी असलेला केसाइतका मेळ जातो. तिथे उलटा रुळ फिरवतात. मोटारीच्या व्हॉल्व्हला लावतात तशी ग्राइंडिंग पेस्ट पात्यांवर फासायची आणि रुळ उलट दिशेने फिरवायचा. वरचं आणि खालचं पातं एकमेकांना घासत एकमेकांच्या मापाचं होतं. पेस्ट पाण्याने पूर्ण धुवायची, नाहीतर पुढे तीच धार खात राहते. मग वर्तमानपत्राची एक पट्टी मध्ये धरून रुळ हाताने हळूच पुढे फिरवा. पट्टी सगळ्या रुंदीभर सरळ कापली गेली पाहिजे. एखाद्या जागी दुमडली तर खालच्या पात्याचे स्क्रू अगदी थोडे फिरवून मेळ बसवा.

ऑस्ट्रेलियातल्या कित्येक मोवरमध्ये तर धार लावायचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे. एका गोल चकतीला कडेने दोन किंवा चार छोटी, सैल पाती अडकवलेली असतात. फिरताना ती वेगाने बाहेर ताणली जातात आणि दगड लागला की मागे झुलतात. बोथटली की लोक ती सरळ बदलतात.

लांब, एकसंध पातंही कधीतरी संपतं. दर वेळी घासून ते टोकाला अरुंद होत जातं, आणि तसं झालं की ते निवृत्त. भंगारात टाकताना दोन्ही टोकांना जाड टेप गुंडाळा. आपण दर आठवड्याला त्याच्यापासून चार फुटांवर, पत्र्याच्या आड असतो. कचऱ्याची पिशवी उचलणारा माणूस नसतो.